टोपीखालचं पान

आमच्या गुरुजींची टोपी डोक्यावर कमी आणि पुस्तकावर जास्त असे. धडा वाचता वाचता गोष्ट रंगात आली की ते मध्येच थांबत, टोपी काढत आणि उरलेल्या पानावर पालथी घालत. मग आम्हा पोरांवरून नजर फिरवत विचारत, "आता पुढं काय होईल?"

कोणी काही म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न यायचा. "कशावरून?"

या दुसऱ्या प्रश्नानं आमचा जीव नकोसा केला होता. उत्तर चुकलं तरी गुरुजींचं काही म्हणणं नसे, पण ते कशावरून सुचलं ते धड्यातल्या वाक्यावर बोट ठेवून दाखवावं लागे. एका गोष्टीत घरधनी बाजाराला जातो आणि शेजारी त्याला दोनदा विचारतो, परत कधी येणार. आमच्यातला एक म्हणाला, शेजारी चोरी करणार. बाकीचे हसले. पण त्यानं दोन्ही वाक्यं दाखवली आणि टोपी उचलल्यावर खरोखरच शेजारी चोर निघाला. गुरुजींना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी पाढे घेतलेच नाहीत. तेव्हापासून आम्ही धडा वाचताना मांजरासारखे दबा धरून बसायचो. वाचणं म्हणजे अक्षरं लावणं नव्हे, हे मला तिथंच कळलं, आणि पुढं आयुष्यभर त्यावरच माझं पोट चाललं.

ही गोष्ट पन्नास सालानंतर थोड्याच वर्षांतली. मालवणच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. शाळा देवळाच्या धर्मशाळेत भरायची. तिथून समुद्र दिसे आणि आत शिरणारी गलबतं, मचवे दिसत. निम्मं गाव दर्यावर्दी, निम्मं माडांवर जगणारं. आमच्या घरी सुंभ वळायचे. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवायची, कुटायची आणि काथ्याचा दोर वळायचा. माझ्या वडिलांचे हात काथ्यानं इतके खरखरीत झाले होते, की त्यांनी गालावरून हात फिरवला तर ओरखडा उठायचा.

गुरुजी घाटावरचे. माणूस सोन्यासारखा, पण किनाऱ्याच्या चालीरीती त्यांना ठाऊक नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी सकाळी बंदरावर निघालेल्या एका खलाशाला हौसेनं विचारलं, "कुठं निघालात?" तो मागे फिरला, घरी जाऊन बसला, पाणी प्यायला आणि मगच परत निघाला. निघालेल्या माणसाला आमच्याकडे 'खंय' म्हणून विचारत नाहीत. तसंच वाईट काही तोंडातून काढत नाहीत. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. दिवा विझत नाही, त्याला निरोप देतात. बोललेल्या शब्दाला वरून कोणीतरी तथास्तु म्हणतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आणि पुढं काय होणार हे विचारायचंच असेल, तर ते देवाला. त्यासाठी देवळात कौल लावायचा, मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवीकडची पडते की डावीकडची, याची वाट बघायची. अशा गावात गुरुजी रोज टोपी पालथी घालून पोरांना विचारत होते, पुढं काय होईल.

मी चौथीत असताना दिवाळीनंतर एक धडा आला. पूर आलेल्या नदीतून एक नावाडी पलीकडच्या गावात औषध पोचवायला निघतो. आभाळ भरून आलंय, नावेचा दोर ठिकठिकाणी विरलाय, आणि निघताना तो आपल्या मुलीच्या हातात घराची किल्ली देतो. इथं गुरुजींनी टोपी ठेवली.

"तो परत येईल का?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "येतलो."

"कशावरून?"

पोरं पाटीवर रेघा ओढू लागली. गुरुजी जरा चिडले. म्हणाले, "अरे, वाचलंत ना? आभाळ वाचलंत, दोर वाचलात. का डोळे मिटून वाचलं?" त्यांना कळत नव्हतं, की पोरांनी सगळं वाचलं होतं. निम्म्या पोरांचे वडील, काका, भाऊ त्या वेळी समुद्रावर होते, आणि होडीतला माणूस येणार नाही हे शब्द त्यांच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

माझ्या घरचं कोणी समुद्रावर नव्हतं. शिवाय सुंभवाल्याची मुलगी, आमच्या बोलीत चेडू, मी; विरलेला दोर म्हणजे काय ते हाताला माहीत. मी उभी राहिले आणि म्हणाले, "येवचो नाय."

"कशावरून?"

"दोर विरललो आसा. आणि येवचो असतो तर चावी दिल्यान नसती."

किल्लीचं गुरुजींच्याही लक्षात आलं नसावं. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी टोपी उचलून पुढचं वाचलं. नावाडी परत आला नव्हता. वाचन चालू असताना दोन-तीन पोरांनी कानांवर हात ठेवले होते, ते मला दिसलं. पण गुरुजींनी माझी पाठ थोपटली आणि मी दिवसभर हवेत होते.

तुळशीची लग्नं झाली आणि अवकाळी वादळ आलं. झाडं पडली, आमच्या पडवीचं छप्पर उडालं. मुंबईहून परतणारे मचवे जयगडच्या खाडीत आसऱ्याला थांबले आणि वारा पडल्यावर एकेक करून घरी आले. आमच्या गावच्या एका तांडेलाचा मचवा मात्र आला नाही. त्याच्यावरचे खलाशी देवगडाकडचे होते, मचवा हाकणारा तांडेल तेवढा आमचा. हसरा माणूस. त्याची बायको तिशीच्या आतबाहेर, पोटी मूलबाळ नाही. आम्ही मुलं तिला काकी म्हणायचो.

दिवस जाऊ लागले. देवळात कौल लावला. पाकळ्या दोन्हीकडच्या चिकटलेल्याच राहिल्या. देव बोलत नाही असं गावाचे मानकरी गावकर म्हणाले आणि लोक खाली मान घालून घरी गेले. मग बोलायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा कोणाच्या तरी पोरानं घरी सांगितलं, की शाळेत अमुक अमुक झालं, सुंभवाल्याची पोरगी म्हणाली, येवचो नाय.

दोन दिवसांत मी काळ्या जिभेची झाले. विहिरीवर माझी आई गेली की बायका कळशी उचलून बाजूला होत. शाळेत माझ्या शेजारी कोणी बसेना. एका मुलीनं तर मला सांगितलं, "माझ्या बापाशीचा नाव तोंडात घेव नको." ती माझी जिवाची मैत्रीण होती. मला रडू आलं नाही, राग आला. धड्यात लिहिलं होतं ते मी वाचलं, यात माझं काय चुकलं, हे मला समजत नव्हतं. पण अंथरुणात पडलं की वाटायचं, खरंच माझ्या बोलण्यानं झालं असेल तर? तो विचार मी कोणालाच सांगितला नाही.

पोरं शाळेत यायची बंद झाली. गावकर गुरुजींकडे येऊन म्हणाले, एक तर ही पोरगी घरी बसेल, नाहीतर शाळा ओस पडेल. गुरुजी म्हणाले, ओस पडू दे. पण माझे वडील गावाविरुद्ध जाणारे नव्हते. त्यांनी सुंभ वळता वळता, वर न बघता मला सांगितलं, "उद्या जावन गुरुजींका सांगून ये. आता बस झाली शाळा. नायतरी चौथीनंतर चेडवांक खंय धाडतत." आई आत गेली. माझ्या बाजूनं कोणी एक अक्षर बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती निरोप द्यायला. वर्गात जेमतेम बाकाभर मुलं होती. मी गुरुजींना सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात दारात काकी उभी राहिली. तिच्यामागं अंतर राखून गावातल्या पाच-सहा बायका. ती शाळेकडे वळलेली बघून त्या धास्तीनं मागोमाग आल्या असाव्यात.  मला वाटलं, ही आता मला शाप देणार.

गुरुजींनी घाईघाईनं टोपी डोक्यावर घातली. "बसा, वहिनी."

"बसूक नाय इलंय," ती म्हणाली. "देवान काय सांगल्यान नाय. लोक म्हणतत, ह्या चेडवाच्या तोंडातला खरा होता. मगे तेका सांगा, ते येतले म्हणान बोल. माझ्या म्होरं बोल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. 'येतले' एवढाच शब्द. तो बोलले असते तर ती शांत झाली असती, मागच्या बायका शांत झाल्या असत्या, कदाचित माझी शाळाही वाचली असती. मी गुरुजींकडे बघितलं. ते मान हलवतील आणि मी मोकळी होईन, असं मला वाटलं.

गुरुजी सावकाश म्हणाले, "तिनं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण या वर्गात कशावरून ते सांगावं लागतं. तो नियम माझाच आहे. तुम्हाला जे माहीत आहे ते आम्हाला सांगा, आपण सगळे मिळून विचार करू."

त्या क्षणी मला गुरुजींचा भयंकर संताप आला. बाई दारात उभी आहे आणि यांना नियम सुचतोय, असं वाटलं. पण काकीनं पदर सावरला आणि खाली बसली. इतक्या दिवसांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. बायका येत, भाताविषयी बोलत, गाईविषयी बोलत आणि जात. मचव्याचं नाव कोणी काढत नव्हतं, अशुभ नको म्हणून. ती बोलायला लागली ती पहिल्यांदा अडखळत, मग सरळ.

गुरुजी एक प्रश्न विचारत. मग पोरंही विचारू लागली. खलाशांचीच पोरं ती.

"शीड जुना होता?"

"नाय रे. नवा. गणपतीत शिवलेला."

"जयगडाक थांबले कित्याक नाय?"

"घर जवळ इला म्हणान थांबले नसतीत. दुसऱ्या तांडेलान तेंका भायर जाताना बघल्यान. हाक मारल्यान. वारो फिरललो, ऐकाक इला नसात."

मग ती गुरुजींकडे वळली. म्हणाली, "देवगडाक वाळूत पाण्याचो पिंप लागलो. मी जावन बघून इलंय. आमचोच. गेल्या साली तेची फळी सुटली, तेवा मी सुंभान आवळून बांधललो. गाठ माझी."

ही गोष्ट दारातल्या बायकांनाही ठाऊक नसावी. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. माझ्या तोंडून नकळत प्रश्न निघाला, "सुंभ तुटललो?"

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "नाय गो. तुझ्या बापाशीचो सुंभ तुटाक नाय. तसोच होतो."

 प्रश्न संपले होते. ती मला म्हणाली, "मगे आता सांग. काय होतला?"

मला सगळं दिसत होतं. वारा, हाक, पिंप.  मी पाटी छातीशी धरून रडू लागले.  मग ती दाराकडे वळून, त्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तर मगे मी सांगतंय. येवचे नाय ते. कशावरून ता तुमी ऐकलास. माझ्या घोवाचा मी माझ्या तोंडान बोललंय. आता ह्या चेडवाक कोणी नावा ठेवू नको."

एका बाईनं पदर तोंडावर दाबला. काकी उठली, गुरुजींना नमस्कार केला आणि त्या बायकांच्या मधून चालती झाली.

नवऱ्याविषयी बायकोनंच बोलल्यावर पुढं कोण काय बोलणार? दोन दिवसांत वर्ग भरला. मैत्रीण परत शेजारी येऊन बसली, जणू काही झालंच नव्हतं. वडिलांनी शाळा सोडायचं नाव काढलं नाही, आणि मीही घरात कोणाला काही विचारलं नाही. पण हे सगळं नंतर. त्या दिवशी संध्याकाळी आईनं मला एक शहाळं देऊन काकीकडे पाठवलं. आईला स्वतःला जायचा धीर झाला नाही.

काकी तुळशीपाशी दिवा लावत होती. तिच्या घराच्या पायरीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता आणि शेजारी घडी केलेला पंचा. कोणी पाहुणा येणार असेल असं मला वाटलं. तिनं शहाळं ठेवून घेतलं, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "शिकत ऱ्हव." मी गूळ चोखत घरी आले.

त्यानंतर मी मालवणला मावशीकडे राहून सातवी फायनल झाले, शिक्षिका झाले, आणि फिरून फिरून आमच्याच गावच्या शाळेत आले. गुरुजी केव्हाच बदलून गेले होते. मला टोपी नाही, म्हणून मी पुस्तकावर पाटी ठेवायची. पोरं कुरकुरायची, आम्ही कुरकुरायचो तशीच.

काकी कुंकू लावत होती, बांगड्या भरत होती. त्यात वावगं काही नव्हतं. माणसाचा देह मिळाला नाही, तर आमच्याकडे बारा वर्षं वाट बघतात. बारा वर्षं भरली की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि मग बाई विधवा. ती वर्षं भरली. पुतळ्याचं व्हायला हवं असं काकीच्या दिराचं म्हणणं पडलं. त्याशिवाय घरची श्राद्धं अडली होती. गावकर, दीर आणि भटजी एका संध्याकाळी काकीकडे निघाले आणि मलाही सोबत नेलं. मी कशाला, ते तिथं गेल्यावर कळलं.

काकीनं नको म्हटलं होतं.

गावकर आता बरेच थकले होते. ते मला म्हणाले, "बाई, तुमी तेवा शाळेत होतास. ही आपल्या तोंडान बोलली मगे, येवचे नाय म्हणान?"

मी बोलायच्या आधीच काकी म्हणाली, "कशावरून?"

मालवणीत तो शब्द तसा कोणी म्हणत नाही. तो गुरुजींचा शब्द होता, गुरुजींच्याच उच्चाराचा. एकाच दिवशी ऐकलेला तिनं इतकी वर्षं जपला होता. गावकर वैतागले. "कशावरून म्हणजे? पिंप तूच सांगलंस, हाक तूच सांगलंस."

 सगळे माझ्याकडे बघत होते. 'होय' म्हटलं असतं तर ते खरं होतं, आणि त्याच आठवड्यात तिचं कुंकू पुसलं गेलं असतं. माझी नजर पायरीवर गेली. काठोकाठ भरलेला तांब्या. शेजारी घडी केलेला पंचा, आता जुना, विरलेला, पण स्वच्छ धुतलेला. मी कितीदा त्या घरी आले असेन, कितीदा त्या तांब्याला वळसा घालून आत गेले असेन. वाचणं शिकवणारी बाई मी, आणि ते मला त्या संध्याकाळी वाचता आलं. 

मी म्हणाले, "बोलली ता खरा. पण ता माझ्यासाठी बोलली. माझी शाळा बंद होवची होती, ती होव नये म्हणान. तिच्या मनात तसा नव्हता."

"आणि ह्या कशावरून?" गावकरांनी विचारलं.

"तो तांब्यो बघा. शाळेत ती बोलली त्याच दिवसा तिन्सांजेक मी हय इल्लंय. तेवाय तो भरललो होतो, बाजूक पंचो होतो. भायरसून येणाऱ्यान पाय धुवचे म्हणान पाणी ठेवतत. ती येवचो नाय म्हणान बोलली आणि घराक येवन पाणी भरून ठेवल्यान. आजपर्यंत ठेवता."

 दिरानं मान खाली घातली होती. मग गावकर उठले. "आज ऱ्हवांदे," एवढंच म्हणाले. पायरी उतरताना तांब्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनी धोतर एका हातानं वर धरलं आणि कडेकडेनं उतरले. पुतळ्याचं पुन्हा कोणी काढलं नाही.

ते गेल्यावर मी आणि काकी पडवीत बसून राहिलो. तिनं मला विचारलं, "तुका तेवा कळला होता?"

"नाय. माका खराच वाटला."

"बरा झाला," ती म्हणाली. "नायतर भर शाळेत तू माका, ते येतले ता कशावरून, म्हणान इचारलं असतंस, आणि माझ्याकडे ह्या तांब्याशिवाय दुसरा काय नव्हता."

मग ती उठली. तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं आणि नवं भरून आणायला विहिरीकडे गेली.